पिवळी खिचडी

लग्न होऊन तीनच महिने झाले होते आणि सासूबाईंनी महाशिवरात्रीचा सगळा फराळ माझ्या हाती सोपवला. अख्ख्या आष्टीत माझ्याइतकी गुणाची सून नाही, अशा थाटात मी पदर खोचला. रमजानही तेव्हाच चालू होता. सासऱ्यांच्या किराणा दुकानात एकीकडं साबुदाणा आणि भगर, दुसरीकडं खजुराच्या पेट्या, आणि वर नव्यानंच आलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. दुपारपर्यंत गिऱ्हाइकांनी दुकान पार रिकामं केलं.

घरात चौदा माणसं, सगळी सकाळपासून निरंकार. संध्याकाळी पूजा झाली की मगच फराळ. मी पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली, शेंगदाण्याचा कूट सढळ हातानं घातला आणि माहेरी घालतात तशी हळद टाकली. काय रंग आला होता म्हणून सांगू!

सासूबाई झाकण काढून बघतच राहिल्या. "हळद? उपासाला? आगं, आपल्यात चालत न्हाई!"

"आमच्या परळीकडं चालती की," मी म्हणाले.

"मग परळीलाच करायची," असं म्हणून त्या देवघरात गेल्या.

दुसरा साबुदाणा भिजायला वेळ नव्हता, दुकानात भगरीचा दाणा उरला नव्हता. चौदा माणसं माझ्यापायी उपाशी झोपणार आणि चूल काही पुन्हा माझ्या हाती यायची नाही, हे दिसतच होतं. मागच्या दारात बसून मी चक्क भोकाड पसरलं.

शेजारच्या शिंप्याच्या घरच्या चाची भिंतीवरून डोकावल्या. मी हुंदके देत सगळं सांगितलं, तर त्या हसतच सुटल्या. असा राग आला मला! "रोती कायकू, बेटा? हमारे रोजे को हल्दी चलती. दे इधर." त्यांनी सासूबाईंना हाक मारून विचारलं. "न्या बाई, अन्न वाया नको," आतून उत्तर आलं. अजान व्हायच्या आत पातेलं भिंतीपलीकडं गेलं.

थोड्या वेळानं तेच पातेलं परत आलं, खजूर, केळी आणि द्राक्षांनी काठोकाठ भरून. रिकामं भांडं परत धाडायची रीत त्यांच्यातही नव्हती आणि आमच्यातही. सासऱ्यांनी एक खजूर उचलून निरखला. "आरं, ह्यो तर सकाळी मीच इकलेला माल हाय!" सगळे खो खो हसले. पूजेनंतर चौदा जणांनी पोटभर फळं खाल्ली. तेवढ्यात पलीकडून चाचींच्या सासूनं ओरडून विचारलं, "बहू, खिचडी और है क्या?" मला असा आनंद झाला, की पुन्हा रडायलाच आलं.

सासूबाई तेवढ्या खाली मान घालून केळं सोलत होत्या. मी त्यांच्याकडं बघायचंही टाळत होते. हात धुऊन त्या उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता डोळे पूस. उद्या पारणं हाय, चौदा माणसांच्या पुरणपोळ्या. समद्या तूच करायच्या. मी लई वर्षं केल्या, उद्या नुस्ती बसून खाणार हाय."