हिरामणचे सोळा महिने

आई श्रावणात गेली. जाताना तिच्या मनावर काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगू शकते. होतं ते उतरलं तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होते.

तिचं नाव क्रांती. माहेर तळा गावचं. तेविसाव्या वर्षी पेणच्या पुढे, खाडीकाठच्या एका शाळेत तिची नेमणूक झाली. दिवाळी उलटली की गावातली निम्मी घरं मिठागरांवर राहायला जात आणि वर्ग ओस पडे. मग आई फळा घेऊन मिठागराच्या बांधावर जायची. पांढऱ्या राशी, पांढरं ऊन, आणि मध्ये तो एकच काळा चौकोन. घरी परतल्यावर आजीचं पथ्यपाणी, आम्हा भावंडांचा अभ्यास, आणि ओटीवर कुणाच्या ना कुणाच्या रेशनकार्डाचा अर्ज. ती दमते हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या काळी पोरांच्या जन्मतारखा कुणाला ठाऊक नसत. "बांध फुटला त्याच्या आदल्या साली," एवढंच आईबाप सांगत. शिक्षक मग दाखल्यावर सरळ एक जून लिहीत. शाळा जूनमध्ये उघडते, सहा वर्षं पूर्ण, प्रश्न मिटला. म्हणून तर आजही दर एकतीस मेला निम्मी कचेरी निवृत्त होते.

सखुबाईला मात्र आपल्या हिरामणची तारीख पक्की ठाऊक होती. तो दसऱ्याचा. पाच वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. पण त्याचे आई-बाप मिठागरावर, म्हणून त्याला काखेत घेऊन फिरायची थोरली बहीण, आणि त्यापायी ती शाळेत येत नव्हती. आईने हिरामणला सोळा महिन्यांनी मोठं केलं, एक जून लिहिलं आणि पहिलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी बहीणही आली.

गेल्या वर्षी मे महिन्यात पत्रिका आली. एस.टी. चालक हिरामण नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत, बाईंनी आशीर्वादाला यावं. आईने ती वाचली आणि उलटी ठेवली.

"नियत कसलं? मी लिहिलेलं वय आहे ते. सोळा महिन्यांची नोकरी गेली त्याची. आणि सखुबाईला मी विचारलंसुद्धा नव्हतं."

"आई, पन्नास वर्षं झाली."

"म्हणून तर."

दोन आठवडे ती हेच बोलत राहिली. जाऊ की नको, आणि गेले तर कुठल्या तोंडाने. एकतीस मेला सकाळीच नेसून तयार बसली.

समाजमंदिरात पुढच्याच रांगेत नव्वदीची सखुबाई होती. हिरामण पाया पडायला वाकला तसे आईने त्याचे खांदे धरले आणि सगळं सांगून टाकलं. हळू बोलायची सवय तिला नव्हतीच. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

हिरामण सरळ उभा राहिला. आईचे हात हवेतच राहिले.

"मना म्हाईत हाय, बाई," तो म्हणाला. "आय दर दसऱ्याला मना ओवाळते, आन् तुमच्या नावानं बोटं मोडते."

"मंग? मोडणारच!" सखुबाई कडाडली. "जूनमदी मी मिठाच्या राशींवर पेंढा टाकीत व्हते. बालंतपनाच्या कला मना आल्या का या बाईला?"

सगळं समाजमंदिर हसलं. आई हसली नाही. "थट्टा नको, हिरामण. तुझं नुकसान झालं की नाही, तेवढं सांग."

"झालं. न्हाय कशाला म्हणू?" तो म्हणाला. आईने मान खाली घातली. "पन त्या वर्षी शाळेत न्हाय बसलो, तर मंग कदी बसलो असतो? आमच्या आलीतली किती पोरं बसली? पयलं वरीस तर मी निसता झोपलो, बाई. तुम्ही झोपू दिलाव."

मागून त्याची बहीण उठली. पस्तीस वर्षं तिने गावची अंगणवाडी सांभाळली होती.

"त्याला कशाला विचारता?" ती म्हणाली. "ते सोळा महिने मी वापरले. मला विचारा."

आई मग सखुबाईकडे वळली. "तुला विचारायला हवं होतं गं मी."

"आता इचारलास ना?" सखुबाई म्हणाली. "बस मंग. आन् त्याला ती शाल नको घालू, घामानं मरंल मेला. निसता नारल दे."

आईने नारळ दिला. ती हसत होती, वर्गात हसायची तशी, तोंडाला पदर न लावता. जेवायला ती सखुबाईच्याच पाटाला पाट लावून बसली आणि सुक्या बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं.