नव्या तांदळाचा वास

तिसऱ्या दिवशीही रैनीबाईंनी ताट नाकाशी नेले, वास घेतला आणि ते दूर सारले.

"मॅडम, आज दुपारी राईल्स ट्यूब टाकू," राउंडवर आलेले डॉक्टर म्हणाले. म्हणजे नाकातून पोटात नळी. विसर पडलेली माणसे ती ओढून काढतात. मग त्यांचे हात खाटेला बांधावे लागतात. मी रैनीबाईंच्या हातांकडे पाहिले. उभा जन्म मोहफुले वेचणारी ती बोटे चादरीवरही काहीतरी वेचत होती.

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या, सर."

"दिला. पण त्यानंतर नाही."

मी या तालुका रुग्णालयातली आहारतज्ज्ञ. रैनीबाई हेमलकशाच्याही पलीकडच्या एका माडिया गावातून तापाने आल्या होत्या. ताप उतरला, पण वर्षभर वाढत गेलेला विसर तसाच होता. चिन्ना या आपल्या मुलाला त्या कधी भाऊ समजत, कधी परका. अशा विसरात पुष्कळदा मेंदूतल्या इन्फ्लमेशनचाही वाटा असतो: मंद दाह, राखेखालच्या निखाऱ्यासारखी न दिसणारी धग. ती कमी राहावी म्हणून मी डाएट चार्ट लिहिला होता. जवसाची चटणी, पालेभाजी, मासे, बिनपॉलिशचा तांदूळ. पॉलिशचा तांदूळ, साखर आणि बिस्किटे बंद. गेलेले अशाने परत येत नाही. उरलेले जपण्याचा हा प्रयत्न असतो, आणि त्याचीही हमी नसते.

भात नाकारल्यावर पेज दिली. पेज नाकारल्यावर तांदळाची भाकर. केस पेपरवर मी स्वतःच लिहिले होते, 'अन्नास नकार, आजार वाढल्याची शक्यता.' ते वाक्य दुपारभर मला बसू देईना. वॉर्ड ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते वॉर्ड, अशा किती येरझारा झाल्या कोण जाणे. अखेर चिन्नालाच सोबत घेऊन मी स्वयंपाकघरात गेले.

"पुष्पाबाई, तुम्ही भातात काय घालता?"

"पाणी!" पुष्पाबाई डाव आपटत म्हणाल्या. "तुमचाच हुकूम होता न, पॉलिशवाला नको. आरमोरीकडून या हंगामाचं नवं धान भरडून आणलं, तेच शिजवून राह्यली मी. वास पाहा, कसा दुधासारखा येते!"

खरेच येत होता. ओलसर, गोड, कोवळा वास. चिन्नाने मूठभर तांदूळ उचलला आणि त्याचा चेहरा उतरला.

"नवा व्हय हा?"

"मंग का जुना?"

"मॅडम, आमच्या गावात पंडुम झालं नाई अजून." पंडुम म्हणजे गावाचा सण. नवे पीक आधी देवाला द्यायचे, मगच माणसाने तोंडाला लावायचे. "मायनं वासानं ओळखलं."

"चिन्नाभाऊ, मग तुम्ही काऊन नाही सांगितलं?" घाईत मीही त्याचीच बोली बोलले.

"मले का मालूम? मी त तीन दिवसांपासून खाऊन राह्यलो!" त्याने तांदूळ झटकन खाली टाकला. "मायले सांगू नका बाई. मरेपर्यंत बोलन."

"नाव विसरते अन् हे ध्यानात ठेवते," पुष्पाबाई पुटपुटल्या. पण तोवर त्यांनी कोठीचे दार उघडलेही होते. मी बाजूला सारलेला गेल्या वर्षीचा, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ तिथे पोत्यात पडून होता.

तो शिजला. सोबत जवसाची चटणी आणि माशाचा रस्सा वाढला. चिन्नाने माडियात सांगितले की हे गेल्या सालचे आहे. रैनीबाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. ताट नाकाशी नेले. बराच वेळ तिथेच धरले. मग पहिला घास गेला, दुसरा गेला, आणि चौथ्या घासाला त्यांनी आणखी चटणी मागितली.

संध्याकाळी डॉक्टरांनी ताट पाहिले. "काय दिलंत?"

"माझ्या चार्टवर जे नको म्हणून लिहिलं होतं, तेच."

ट्यूब टाकण्यासाठी लिहिलेला कागद त्यांनी फाडून टाकला. पाच दिवसांनी रैनीबाई चालत एसटीत चढल्या. विसर तेवढाच होता. जाताना त्या मला कुणा वेगळ्याच नावाने हाका मारून गेल्या.

आता केस पेपरवर मी ॲलर्जीच्या रकान्याखाली एक प्रश्न वाढवला आहे: गावात पंडुम झाले का? मेंदूसाठी उत्तम ठरलेले अन्नही आधी तोंडातूनच जावे लागते, आणि तोंड कधी उघडायचे हे डाएट चार्ट ठरवत नाही.