बाईंचं ‘मोकळी’

पाटणकरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. फोन ठेवून वळले, तर दूध ओट्यावर... बाई असत्या तर कडाडल्या असत्या, “लक्ष कुठंय तुझं? कुत्र्याला बोल लावायच्या आधी स्वतः ताठ उभी राहा!”

मुलींच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि गंगापूर रोडच्या मागच्या मैदानावर रविवारी सकाळी कुत्र्यांचा वर्ग घेऊ लागल्या. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुत्रं पाळायचं म्हणजे साखळीला बांधायचं नि शिळी पोळी घालायची, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याला शिकवायचं म्हटलं की लोक फिदीफिदी हसायचे. आमची कुत्री झिपरी बाईंच्या पहिल्या वर्गात ‘बस’, ‘ये’ एवढं शिकली होती. पण फाटक उघडलं रे उघडलं की पसार! एकदा तिनं सायकलवरच्या भाजीवाल्याला आडवं केलं, मेथी रस्ताभर. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल दिला, “दसऱ्यापर्यंत सुधारली तर ठीक. नाहीतर मनमाडला, मामाच्या गोदामावर.” मी रडून रडून डोळे सुजवले आणि झिपरीला बाईंच्या दुसऱ्या वर्गात घातलं.

तिथे मुख्य धडा एकच. कुत्र्याला ‘थांब’ म्हणायचं, दोरी सोडायची आणि आपण कडुलिंबामागे दिसेनासं व्हायचं. कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. मला कुठला धीर! मी डोकावायचे आणि मला पाहिलं की झिपरी उधळायची. “ती बसलीय गं बाई, तुलाच दम नाही!” बाई मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायच्या. आणि त्यांचा एक नियम होता, त्यात माफी नव्हती. “थांब म्हणणाऱ्यानंच परत जायचं. लांबून हाक मारायची नाही. पाठीवर हात ठेवायचा आणि ‘मोकळी’ म्हणायचं. तू परत येतेस हे तिला कळलं, तरच ती थांबेल ना?”

दसऱ्याआधीच्या रविवारी दादा स्वतः मैदानावर आले, तोंड वाकडं करून. मी झिपरीला बसवलं, झाडामागे गेले, आणि नेमका शेळ्यांचा कळप मैदानात घुसला. डोकावायची सोय नव्हती, बाई माझ्याकडेच बघत होत्या. नुसत्या घंटा नि बें-बें ऐकू येत राहिलं... मग दादांचा आवाज, “अगं, बसलीय अजून! जा ना, सोडव तिला. किती ताटकळवशील बिचारीला!” मी धावत गेले. त्यानंतर मनमाडचं नाव घरात निघालं नाही. झिपरी आमच्याच घरात म्हातारी झाली, दादांच्या पायाशी. बाईंचे हे उपकार माझ्याच्यानं कधी फिटायचे नाहीत.

पुढे थकल्यावर बाईंनी रस्त्यावरची एक कानतुटकी कुत्री आणली आणि तिचं नाव ठेवलं सुंदरी! परवा त्यांच्या घरी गेले ते हिच्याच काळजीनं. वाटलं, फाटकाकडे डोळे लावून उपाशी बसली असेल. तर ही मागच्या अंगणात दूध-भाकरी खात होती. बाईंच्या धाकट्या बहिणीला, शालूताईंना, मी विचारलं, “ही वाट नाही बघत?”

शालूताई म्हणाल्या, “दवाखान्यात न्यायला रिक्षा आली, तशी ही सवयीनं फाटकाशी बसली. ताई बाहेर निघाली की हिला ‘थांब’ म्हणायची ना. त्या दिवशी ताई रिक्षात बसलेली परत उतरली. भिंत धरत धरत आली, हिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘मोकळी’... मी म्हटलं, अगं, तू तर निघालीयस, आज उलटं काय? तर म्हणाली, ‘तिच्याशी खोटं नाही बोलायचं.’”

मी तिथेच पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. सुंदरी आली, हात चाटून गेली.

आता ती आमच्याकडे असते. बाईंची कळकट दोरी दाराजवळच्या खुंटीला आहे. मी बाजाराला निघाले की सुंदरी फाटकाशी बसते, मी ‘थांब’ म्हणते. परत आल्यावर भाजीच्या पिशव्या आधी खाली ठेवते, तिच्याजवळ जाते आणि पाठीवर हात ठेवते.