ताईंची शिट्टी

जगात ज्या ज्या गोष्टीला घाबरता येतं, त्या प्रत्येक गोष्टीला माझ्या थोरल्या नणंदबाई एकदा तरी घाबरून झालेल्या आहेत. लिफ्टमध्ये कोणी अनोळखी असलं तर त्याला, आणि कोणीच नसलं तर त्या रिकामपणाला. ड्युरियन नावाच्या उग्र फळाच्या वासाला. इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या हसऱ्या मुलीला. "एवढी हसतेय म्हणजे माझ्या पासपोर्टात काहीतरी चुकलंय," ताई कुजबुजत. एकदा आम्ही त्यांना पुलाउ उबीन बेटावर नेलं. त्या एवढ्याशा लाकडी बोटीत त्यांनी दोन लाइफ जॅकेटं चढवली, एक पुढून आणि एक मागून. बेटावर भाड्याच्या सायकली दिसल्यावर "ब्रेक कोणी तपासलेत?" असं विचारून त्या धक्क्यावरच बसून राहिल्या. त्या बँकेत ऑडिटला होत्या. पुढे काय चुकेल ते आधी ओळखायचं, हेच काम. ताईंना घाबरण्याचा पगार मिळतो, असं त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, म्हणत असे.

अशा बाईंना छंद होता छोट्या आगगाड्यांचा. जुरोंग ईस्टला त्या एकट्या राहत, आणि फ्लॅटमधली एक अख्खी खोली त्यांनी गाड्यांना देऊन टाकली होती. चारी भिंतींना फळी, फळीवर रूळ आणि मधोमध ताईंचं स्टूल. गाडी त्यांच्याभोवती फिरायची. पण खरा जीव आवाजात. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसवतात, तिला डिकोडर म्हणतात. शिट्टी, वाफेचे फुत्कार, ब्रेकचं करकरणं, सगळं तिच्यात भरलेलं असतं. प्रत्येक आवाजाचा एक नंबर. त्या नंबरात योग्य आकडा लिहिला की शिट्टी चढते-उतरते, फुत्कार चाकांशी जुळतात. ताईंचं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं. "फार सभ्यपणे ओरडतंय गं हे," असं म्हणत त्या परदेशी इंजिनाला दौंडचं वळण लावत बसत. ह्यातही भीती होतीच. चिप जळू नये म्हणून बेताची वीज असलेल्या रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर इंजिन ठेवायचं, आणि मी शेजारी उभं राहून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा. एकदा चुकीचा आकडा गेला आणि इंजिन मुकं झालं. ताई ओरडल्या, "मारलं गं मी त्याला!" आठ नंबरात आठ लिहिलं की ती चिप होती तशी होते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, पण त्यांचा हात पुढे होईना. शेवटी मी लिहिलं. इंजिनाने पुन्हा पहिला फुत्कार टाकला, तेव्हा ताईंनी पदर नसताना पदराने डोळे पुसल्यासारखं केलं.

मग ती शिट्टी बिघडली. "गाडी डाव्या भिंतीवर गेली की शिट्टी विझते बघ," ताई म्हणत. त्यांनी त्या भिंतीवरचे रूळ पुन्हापुन्हा घासले, स्पीकर बदलला, नवी चिप मागवली आणि आवाज वाढवत नेला. एका रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटी वर आल्या. "व्हाय सो लाउड, लाह! माय हार्ट ऑल्सो जम्प!" ताई स्वयंपाकघरात दडून बसल्या, माफी मी मागितली. दार लावून मी त्या खोलीत जाऊन ऐकत उभी राहिले. शिट्टी चारी भिंतींवर सारखीच खणखणीत होती.

"ताई, जरा तोंड फिरवून बसता? खिडकीकडे पाठ करा."

त्या फिरून बसल्या. गाडीने एक फेरी मारली. ताईंनी हळूच हात वर केला आणि आधी उजवीकडे असलेल्या, आजवर ठणठणीत भिंतीकडे बोट दाखवलं. "आता इथे विझते."

ती भिंत आता त्यांच्या डावीकडे होती. गाडी फिरतच राहिली. ती बंद करायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी स्कॅन करून सांगितलं, डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही, पण काढावी लागेल, आणि तो कान जाईल. चेहऱ्याची नसही तिथूनच जाते. मला वाटलं, आता ताई शंभर प्रश्न विचारतील. त्यांनी एकही विचारला नाही. "बरं," म्हणाल्या आणि पर्स उचलली. परतताना एमआरटी स्टेशनात, मेट्रोकडे उतरणाऱ्या सरकत्या जिन्यावर त्या कठड्याला हात न लावता उभ्या होत्या, आणि मागे उभी असलेली मी दोन्ही बाजूंचे कठडे घट्ट धरून होते. घाबरण्याचं काम इतकी वर्षं त्या करत होत्या, म्हणून आम्ही सगळे निवांत होतो, हे मला तिथे कळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी शिट्टी शेवटची जुळवली. आकडे वाचायला मला बोलावलं नाही. ऑपरेशन फार लांबलं. बाहेर माझा नवरा बंद दाराकडे बघत बसला होता, आणि ते दार उघडलं की आम्ही दोघंही उभे राहत होतो. अखेर डॉक्टर बाहेर आले आणि मास्क काढण्याआधीच त्यांनी होकारार्थी मान हलवली. गाठ निघाली होती. चेहरा वाचला, ओठाचा एक कोपरा थोडा आळशी झाला एवढंच. कान गेला.

घरी आल्यावरही त्यांना भिंत धरून चालावं लागे. काही दिवसांनी एका सकाळी त्या खोलीत गेल्या, स्टुलावर बसल्या आणि गाडी सोडली. आवाज बेताचाच ठेवला होता. मग त्यांनी डोळे मिटले.

"अगं, कुठे आहे ती?"

"ऐकू येत नाही का?"

"येते ना. छान येते. पण सगळीकडून येते." एका कानाने आवाज ऐकू येतो, पण त्याची दिशा कळत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याचा अर्थ मला आत्ता समजला.

"तुमच्या मागे आहे, ताई. खिडकीपाशी."

मला वाटलं, दचकून वळतील. त्या वळल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून तशाच बसल्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "येईल पुढे."