कार्पेटखालचं पीठ

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगण्यात माझा हात धरणारा चंद्रपुरात नव्हता... आणि त्यावर विश्वास न ठेवण्यातही! पण ही एक गोष्ट सांगताना आवाज चढत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरला एका साहेबाच्या बंगल्यात कार्पेट पाहून आलो आणि मला हौस चढली! आमच्या बैठकीच्या सिमेंटच्या जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सोल्यूशन लावून, हिरवंगार कार्पेट चिकटवलं. सगळ्या मोहल्ल्याला चपला बाहेर काढायला लावून दाखवलं! फक्त माझी माय त्यावर मधून कधी चालली नाही. "मले नाई जमत बाप्पा, माहे पाय भेगाळलेले," म्हणायची आणि भिंतीला हात लावत कडेकडेनं स्वयंपाकघरात जायची.

पावसाळ्यात, त्याच बैठकीत, ती गेली. धाकटी बहीण शकू एटापल्लीला दिलेली. नाल्याला पूर आल्यानं बस अडकली, तिला मायचं तोंडही दिसलं नाही. आमच्याकडे तेरवीच्या आदल्या संध्याकाळी, जिथं प्राण गेला तिथं जमिनीवर पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पाहतात... पाऊल उमटलं का.

शकू म्हणाली, "दादा, तेवढं तरी मले पाहू दे."

मी भर पाहुण्यांत म्हणालो, "अवं, कार्पेटात पीठ शिरलं तं निघते का? मायले म्हणा, पाय पुसून ये!"

पाहुणे हसले. शकू हसली नाही. तेरवी आटोपून गेली ती परत आलीच नाही. राखी पोस्टानंही आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कार्पेटाला असा कुबट वास सुटला की बायकोनं फर्मान काढलं, "हे काढा, नाईतं मी माहेरी जातो." मायची जागा उघडी होणार, म्हणून मग तिनंच शकूला निरोप धाडला. शकू आली, पण दारात उभी राहून भावजयीशीच बोलली. माझ्याकडे पाठ.

मी खुरपं, उलथणं, रॉकेलची बाटली, चिंध्या घेऊन बसलो. मधला भाग जीव गेला तरी सुटेना. वैतागून भिंतीकडचं टोक धरलं आणि ओढलं... तर सर्रकन निघालं! ओलीनं तिथलं सोल्यूशन सुटून पांढरी भुकटी झाली होती. अगदी पीठ.

आणि त्या पिठावर पावलं होती.

लहान, अनवाणी, भेगाळलेली. अंगठ्यावर चढलेलं शेजारचं बोट... आमच्या मायचं होतं तसंच. आता म्हणाल, चिकटवताना कोणी चाललं असेल. पण मग पाऊल चिकट सोल्यूशनमध्ये रुतलं असतं. हे तर वरच्या भुकटीवर होतं, फुंकर मारली तरी उडावं असं. आणि भुकटी व्हायच्या आधीपासून वर कार्पेट होतं, भिंतीपर्यंत.

"पंखा बंद कर वहिनी!" शकू ओरडली. गुडघ्यावर बसून ती एकेक पाऊल पाहत गेली. मग हसायला लागली, हसता हसता रडायला.

"पाह्य दादा," माझ्याकडे न बघता म्हणाली. माझ्याशी जवळपास वर्षानंतरचा पहिला शब्द. "मधात एकबी नाई. सारे भिंतीच्या कडेनं. मेल्यावरही माय तुह्या कार्पेटले जपून राह्यली."

मंडळी, मी एवढा तोंडाळ माणूस... खाली रॉकेलच्या चिंध्यांत बसून राहिलो. बायकोकडेही बघवेना.

संध्याकाळच्या वाऱ्यानं भुकटी उडून गेली. राखी पुन्हा यायला लागली. ती पावलं कशी उमटली, हे विज्ञानाच्या मास्तरांपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं, कोणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

आता त्या बैठकीत साधी फरशी आहे. पाहुणे विचारतात, एवढी ऐसपैस खोली, तुम्ही भिंतीला खेटून काऊन चालता?

मधून चालायची लाज वाटते, हे मी कोणाला सांगत नाही.