आजचरावांचा होकार

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे आजचराव म्हणत. तंत्रज्ञानाचं पान त्यांच्याकडे होतं आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी ते ‘तेव्हा वाट कसली बघताय? आजच अपडेट करा!’ असं ठोकून देत. कंपन्यांकडून आलेली पत्रकं मराठीत आणायची, दोन विशेषणं पदरची घालायची, की पान तयार. वस्तू वापरून बघायला सवड कुणाला? आयुष्यभर प्रुफं तपासल्यावर छप्पन्नाव्या वर्षी गळ्यात पडलेलं हे काम त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की अपडेटचा लाल ठिपका दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा.

असा एक ठिपका घरातच चार महिने ठाण मांडून बसला होता, बायकोच्या टॅबवर. सहा वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ती टाइप करायची आणि टॅब बोलायचा. आवाज तसा रुक्षच, बँकेत टोकन नंबर पुकारणाऱ्या बाईचा. पण तिने त्याचा वेग कमी केला, सूर खाली ओढला आणि हळूहळू त्याला असं वळणावर आणलं, की त्यातून तिला टोमणे मारता यायचे, भाजीवाल्याशी हुज्जत घालता यायची, आणि नवऱ्याची बोलती तर हमखास बंद करता यायची. लेक परगावी नोकरीला होती. दर रविवारी फोनवर त्याच आवाजाला ‘आई’ म्हणत ती आठवड्याभराच्या कुरबुरी सांगायची. अपडेटचा विषय निघाला की बायकोचं उत्तर ठरलेलं: ‘माझं नीट चाललंय. हात लावायचा नाही.’

त्या मंगळवारी आजचरावांच्या पानावर टॅबच्या अपडेटमधून येणाऱ्या नव्या आवाजांची बातमी होती. ‘प्रसन्न, नैसर्गिक, जणू घरातलंच कुणी!’ बायको आंघोळीला गेली होती. टॅब टेबलावर होता. त्यांनी ठिपका दाबला. पडद्यावर लांबलचक मजकूर आला, खाली ‘वाचलं, मान्य आहे’. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासणाऱ्या या गृहस्थांनी एक ओळही न वाचता होकार दिला. धन्य!

बायको बाहेर आली आणि तिने टाइप केलं. “ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकलात?” टॅबमधून कुणीतरी पाहुण्यांचं स्वागत करावं तसं लाडीगोडीत विचारलं. ती टॅबकडे बघतच राहिली. सगळं धुंडाळलं, जुना आवाज कुठेच नव्हता. मग कागदावर लिहून तिने विचारलं, आपोआप झालं का? आजचराव म्हणाले, हल्ली आपोआपच होतं. त्यांची जीभ कशी रेटली कोण जाणे.

रविवारी लेकीचा फोन आला. दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, “कोण बोलतंय? जरा आईला द्या ना.” बायकोने टॅब पालथा घातला. त्यानंतर घरात फक्त चिठ्ठ्या. दूध. गॅस. औषध.

आजचरावांना अन्न गोड लागेना, खुर्चीत बसवेना. कंपनीच्या मदत क्रमांकावर एक दाबा, दोन दाबा करत त्यांनी अकरा फोन केले. अखेर एका माणसाने समजावलं, की जुना आवाज दुसऱ्या कंपनीचा होता, तो वापरायचा परवाना संपला होता. ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्याकडे तो राहिला. होकार देणाऱ्यांचा गेला, परत मिळणार नाही. मजकुरात तिसऱ्याच ओळीत तसं लिहिलेलं होतं.

याची बातमी करतो, असं त्यांनी संपादकांना सांगितलं. संपादक मान वर न करताच म्हणाले, ही बातमी नव्हे, तक्रार आहे. तो घडीचा फोन आलाय बाजारात, तो द्या. आजचरावांनी मुकाट्याने दिला. शेवटी ‘आजच’ही लिहिलं. लिहिताना मात्र स्वतःचीच किळस आली, आणि पान छपाईला जायच्या आतच ते घरी निघाले.

बायको खिडकीशी बसली होती. चपला न काढताच ते म्हणाले, “आपोआप नाही झालं. मी केलं. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा.”

तिने टॅब ओढून घेतला. बोटं काचेवर आपटत होती.

“सहा वर्षं लागली मला तो आवाज माझा करायला,” टॅब अभिनंदन केल्यासारखा म्हणाला. “मला एकदा विचारायचं होतंत.”

तिने तेच वाक्य पुन्हा दाबलं. आवाज मोठा केला, तर गोडवाच मोठा झाला. वेग कमी केला, तर टॅब सावकाश हसत बोलला. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खोलीत नुसता आनंदीआनंद चालला होता. आजचरावांना वाटलं, हिने टॅब डोक्यात घातला असता तरी बरं झालं असतं.

“तू रागावलीयेस,” ते कसंबसं म्हणाले. “कळलं मला.”

तिने दोनच शब्द टाइप केले.

“नाही कळलं,” आवाज प्रसन्नपणे म्हणाला.