कुणाकडे काही घ्यायचं नाही

संस्थेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, आवाजही बेताचा. पण बाई आल्या म्हटलं की वस्तीतले पत्ते कुटणारेसुद्धा पत्ते खिशात टाकून साळसूदपणे बसत. एकतीस वर्षांपूर्वी बाईंनी आणि त्यांच्या मावसभावाने, म्हणजे सरांनी, एका गळक्या शेडमध्ये ही संस्था सुरू केली. आता तिथे पाळणाघर आहे, दवाखाना आहे, शिवणवर्ग आहे. सर तेवढे नाहीत.

पहिल्याच वर्षी घरोघर माहिती घेत फिरताना दोघांनी एका घरी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्या चहापायी घरातल्या तान्ह्या पोराचं दूध गेलं होतं आणि साखर शेजारून उसनी आणली होती. तो चहा बाईंना जन्मभर पचला नाही. त्यांनी नियमच करून टाकला : वस्तीत कुणाकडे काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही, बाटली आपली आपण न्यायची. शिवाय ज्या घरी चहा त्या घरचा अर्ज वर, अशी कुजबुजही नको. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तिथेच सगळा घोळ होता.

सर नियमाला मान डोलवायचे आणि दोन गल्ल्या पुढे जाऊन खुशाल चहा प्यायचे. बाई झापायच्या, तर म्हणायचे, अगं, घोटभर तर घेतला. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा अख्खी वस्ती घरचं माणूस गेल्यासारखी रडली. त्यानंतर दोन महिन्यांनी बाईंचा पाय मोडला. सहा आठवडे त्या घरी एकट्या पडून होत्या. वस्तीतून त्यांना एक कागद आला, 'लवकर बऱ्या व्हा' लिहिलेला, खाली दोनशे सह्या आणि अंगठे. माणूस एकही आलं नाही. बाईंना चालेल की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती.

तर झालं असं, की शिवणवर्गाच्या ताईने वस्तीतल्या आपल्या पत्र्याच्या घराच्या जागी दोन पक्क्या खोल्या बांधल्या. ही ताई पंधरा वर्षांची असताना शिवण शिकायला आली होती. आता वर्ग तीच चालवते, आणि गेली एकोणीस वर्षं दिवसाचे आठ तास बाईंच्या डोळ्यांसमोर असते. शनिवारी कारकून एक चिठ्ठी घेऊन सहीला आला : आठ सतरंज्या, रविवारी, ताईंच्या नव्या घरी जेवणासाठी. सगळे जाणार आहेत म्हणाला. बाईंना ठाऊक असेलच, असं बिचाऱ्याने धरलं होतं. बाईंनी सही केली. एरवी त्या सतरंज्या बाहेर द्यायला त्या सतरा प्रश्न विचारत, त्या दिवशी एकही विचारला नाही.

त्या दिवशी ताई दोनदा केबिनमध्ये आली. एकदा दोऱ्याची यादी दाखवायला, एकदा सोमवारची रजा मागायला. दोन्ही वेळा बाईंनी पेन खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. दोन्ही वेळा ती काम सांगून गेली. संध्याकाळी बाई नेहमीपेक्षा तासभर उशिरा निघाल्या, उगाचच.

रविवारी अकरा वाजता बाईंनी आपल्यापुरता कुकर लावला, आणि शिटी व्हायच्या आत गॅस बंद केला. बोलावल्याशिवाय पंक्तीला जाणाऱ्यांना लोक काय म्हणतात, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांना कुणी आग्रह करून वाढल्याला किती वर्षं झाली, हेही माहीत होतं. दाटीवाटीने, कोपराला कोपर लावून बसावं, नको नको म्हणताना पानात पडावं, एवढंच हवं होतं. त्यांनी ठेवणीतले कपडे घातले आणि निघाल्या.

नव्या घरासमोर गल्लीतच सतरंज्या घातल्या होत्या. पाळणाघराच्या दोघी, कारकून, दवाखान्याची नर्स, शेजारपाजार, सगळे जेवत होते. कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि बाकीचे हसून हसून लोटपोट झाले होते. बाई दिसल्या आणि सगळे चिडीचूप झाले. ताई वाढता वाढता पळत आली. तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता.

"बाई, बोलवायचं मनात होतं हो. पण तुम्ही कुणाकडे पाणीसुद्धा घेत नाही. तुम्ही नाही म्हणाला असता तर मला फार लागलं असतं, म्हणून विचारलंच नाही."

"आज घेणार आहे," बाई म्हणाल्या. "भूक लागलीय मला. वाढ."

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग एकच धावपळ उडाली. शेजारून टेबल आलं, दुसऱ्या घरून हात असलेली खुर्ची. बाई म्हणत होत्या, की मी खाली बसते, इथेच, नर्सच्या शेजारी. पण ऐकतंय कोण? त्यांना आतल्या खोलीत नेलं, पंखा त्यांच्याकडे वळवला, न वापरलेलं नवंकोरं ताट वाढलं. बाईंना निवांत जेवता यावं म्हणून ताईने दाराचा पडदाही ओढून घेतला.

खोलीला अजून रंगाचा वास येत होता. जेवण सुरेख होतं. बाईंनी हाक मारली, तशी ताई पडद्यातून डोकावली.

"काही हवंय का, बाई?"

"तू बस ना माझ्यासोबत."

"मी बसते नंतर. तुमचं होऊ दे आधी सावकाश."

बाहेर आता फक्त वाढप्यांचे आवाज होते. मघाचा किस्सा पुरा करायला कुणीतरी तोंड उघडलं, तर दुसऱ्याने त्याला दबक्या आवाजात दटावलं : बाई जेवतायत. बाईंना ते स्पष्ट ऐकू आलं. इतकं एकटं त्यांना त्या सहा आठवड्यांतही वाटलं नव्हतं.

मग त्यांनी मान खाली घातली आणि भराभर जेवून घेतलं. त्या उठून गेल्या, की बाहेरच्यांना पुन्हा हसता येणार होतं.